सायकल, संगीत आणि मोकळा कान

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

सायकल चालवताना संगीत ऐकावे की ऐकू नये, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वार्षिक अंकासाठी अभ्यासलेख लिहायचा तर संतवाङ्मय, ग्रामीण कथा किंवा एखादी सामाजिक समस्या निवडावी, अशी आपली रीत आहे. परंतु सकाळी साडेसातच्या सुमारास आपल्या सायकल स्टँडवर पाच मिनिटे उभे राहून पाहावे. सायकल लावता लावता कानातून इअरफोन काढणारी मुले-मुली एकामागून एक आत येताना दिसतील. जी गोष्ट आपल्यापैकी इतकेजण रोज करतात आणि जिच्यात सुखही आहे व धोकाही आहे, तिचा थोडा पद्धतशीर विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या बाबतीत दोन मते ऐकू येतात. वडीलधाऱ्यांचे मत असे की, हे आजच्या पिढीचे एक खूळ आहे. विद्यार्थ्यांचे मत असे की, आपण कुणाला त्रास देत नाही, मग बिघडते कुठे? वस्तुतः ही दोन्ही मते अपुरी आहेत. पहिल्या मताला श्रम आणि गाणे यांचे जुने नाते दिसत नाही, तर दुसऱ्याला रस्ता दिसत नाही. किंबहुना, रस्ता ऐकू येत नाही असेच म्हटले पाहिजे.

श्रम आणि लय

काम करताना गाणे ही माणसाची फार जुनी सवय आहे. जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूशर यांनी 1896 मध्ये ‘श्रम आणि लय’ या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. एकच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागली की तिला आपोआप एक ताल येतो, त्या तालावर शब्द बसतात आणि कामाचे गाणे तयार होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे समजण्यासाठी आपल्याला जर्मनीपर्यंत जाण्याचे कारण नाही. जात्यावरच्या ओव्या, मोटेवरची गाणी, पिकाच्या कापणीच्या वेळची भलरी हे सारे श्रमाचेच संगीत आहे. आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणारा वारकरी टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पाऊल टाकतो, तेव्हा पायांचा शीण त्या ठेक्याने हलका होतो, हे त्याला कुठल्या ग्रंथातून शिकावे लागत नाही.

सायकल चालवणे हेही असेच पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालीचे काम आहे. माझ्या सायकलच्या पुढच्या चक्राला 44 दाते आहेत आणि मागच्या चक्राला 18. म्हणजे पायडलचा एक फेरा पूर्ण झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाक 26 इंची असल्याने त्याचा परीघ दोन मीटरहून किंचित अधिक भरतो. एका फेऱ्यात सायकल सुमारे पाच मीटर पुढे जाते. ताशी 12 किलोमीटर वेगाने चालवले तर मिनिटाला 200 मीटर, म्हणजे 40 फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात दोन्ही पायांचा एकेक दाब, म्हणजे मिनिटाला 80 दाब. जे गाणे मिनिटाला साधारण 80 मात्रांच्या लयीत चालते, ते या वेगाला जणू मापून शिवलेले असते. एखादे गाणे लागताच सायकल ‘आपोआप’ चालू लागल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. त्यामागे एवढे साधे गणित आहे.

शास्त्रज्ञांनी काय पाहिले

या विषयावरचा एक अगदी जुना अभ्यास सायकलवरचाच आहे, ही योगायोगाची आणि गमतीची गोष्ट. न्यूयॉर्क शहरात पूर्वी सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती होत असत. अशा एका शर्यतीत बँड वाजत असताना आणि नसताना सायकलस्वारांचा वेग किती असतो, हे लिओनार्ड एअर्स यांनी टिपून ठेवले आणि 1911 मध्ये प्रसिद्ध केले. बँड वाजत असताना सरासरी वेग ताशी 19.6 मैल होता आणि नसताना 17.9 मैल. हा फरक जवळजवळ साडेनऊ टक्क्यांचा आहे. अर्थात या निष्कर्षावर शंका घेता येते. बँड वाजताना प्रेक्षकांची गर्दी आणि आरडाओरडा अधिक असेल, तर वेग वाढवण्याचे श्रेय नेमके कुणाला द्यायचे? तथापि प्रश्न विचारण्याची सुरुवात तेथे झाली.

त्यानंतर पुष्कळ काळाने, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका प्रयोगात लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठाचे प्राध्यापक कॉस्टास कारागेऑर्गिस आणि त्यांचे सहकारी यांनी प्रयोगशाळेतील स्थिर सायकलवर ही गोष्ट अधिक काटेकोरपणे तपासली. पायडलच्या गतीशी लय जुळलेली असली, तर मागे रेंगाळणाऱ्या लयीच्या तुलनेत शरीराला सुमारे 7 टक्के कमी ऑक्सिजन पुरतो, असे त्यांना आढळले. म्हणजे जुळलेली लय केवळ मन रमवत नाही, शरीराची शक्तीही वाचवते. परंतु संशोधकांनी आणखी एक मर्यादा दाखवून दिली आहे. श्रम मध्यम असतील तोवर संगीताने थकवा कमी जाणवतो. श्रम पराकोटीला पोचले की धाप आणि पायांची कळ मनाचा ताबा घेतात आणि संगीत मागे पडते. मोठ्या चढावर आवडते गाणेसुद्धा ऐकू येईनासे होते, त्याचे कारण हेच असावे.

येथपर्यंतचा पुरावा विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे. वडीलधारी मंडळी ज्याला खूळ म्हणतात, त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे.

गाणे ओठांवरून कानात गेले

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, पण ओव्या मात्र तिच्या ओठांवर आहेत. तरुणपणी ती पहाटे जात्यावर बसत असे. या लेखाच्या निमित्ताने मी तिला विचारले, “जात्याची घरघर आणि त्यात तुझं गाणं. मग बाहेरचं काही ऐकू यायचं का गं?” तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की प्रश्नच चुकीचा असावा. म्हणाली, “न यायला काय झालं? पाळण्यातलं पोर हललं तरी कळायचं. गोठ्यात गाय उठली तरी कळायचं. तोंड गाण्यात असतं बाई, कान घरात असतो.”

या उत्तराने मला या लेखाचे सूत्र दिले. ओवी म्हणणारी बाई स्वतः गात असे. चरण संपला की ती थांबे, श्वास घेई. जोडीला दुसरी बाई असली तर पुढचा चरण ती उचले. त्या थांबण्यात घर ऐकू येई. मोट हाकणारा गडी गात असे, पण बैलाचे पाऊल आणि विहिरीत मोट बुडल्याचा आवाज त्याला कळत असे. नाही तर काम झालेच नसते. म्हणजे आपल्याकडील श्रमगीतांत गाणे बाहेर जात असे आणि कान मोकळा राहत असे. गे पॉइटविन आणि हेमा राइरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. 2017 पासून त्या इंटरनेटवरही ऐकायला मिळू लागल्या. ज्यांना ही गोष्ट पडताळून पाहायची असेल, त्यांनी त्या अवश्य ऐकाव्यात. बायकांच्या आवाजाबरोबर जात्याची घरघर, मध्येच एखादा कोंबडा, एखादे मूल असे सारे त्यांत सामावलेले आहे.

ट्रान्झिस्टर आला तेव्हाही ही स्थिती फारशी बदलली नव्हती. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली आणि पुढे ट्रान्झिस्टर खेड्यापर्यंत पोचला. सायकलच्या हँडलला ट्रान्झिस्टर अडकवून गाणी ऐकत जाणारे दूधवाले, शेतकरी आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिले आहेत. त्यांचे गाणे सर्व रस्त्याला ऐकू जाई. ते गाणे हवेतून इतर आवाजांत मिसळूनच कानावर येत असे.

खरा बदल 1979 साली झाला. त्या वर्षीच्या 1 जुलैला सोनी कंपनीने जपानमध्ये वॉकमन बाजारात आणला आणि चालता-फिरता एकट्याने ऐकण्याचे संगीत जन्माला आले. त्या पहिल्या वॉकमनची एक गोष्ट फार बोलकी आहे. त्याला दोघांना ऐकता यावे म्हणून हेडफोनच्या दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज खाली जाई आणि छोट्या मायक्रोफोनमधून शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येई. कान बंद केले तर माणूस जगापासून तुटेल, ही जाणीव यंत्र बनवणाऱ्यांनाही होती असे म्हणायला हरकत नाही. पुढील नमुन्यांत ते बटण राहिले नाही.

कान काय करतो

सायकलस्वाराचे डोळे पुढे असतात. आरसा बहुधा नसतोच. मागून काय येत आहे हे मान न वळवता सांगणारे एकच इंद्रिय उरते, ते म्हणजे कान. तेही एक कान नव्हे, दोन्ही. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या एक हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. दोन्ही कानांच्या या सहकार्याचा सिद्धांत लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये मांडला.

नेदरलँड्स हा सायकलींचा देश. तेथील ग्रोनिंगन विद्यापीठातील डिक द वार्ड आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रत्यक्ष सायकलस्वारांवर प्रयोग केले. संगीत ऐकणाऱ्यांना घंटी-भोंग्यासारखे आवाज कमी ऐकू येतात आणि कानाच्या आत घट्ट बसणाऱ्या इअरफोनने तर ते फारच कमी ऐकू येतात, असे दिसून आले. साधा इअरफोन एकाच कानात घातला, तर मात्र ऐकण्यात घट आढळली नाही. यावरून ‘एक कान मोकळा ठेवा’ असा सल्ला दिला जातो. तो चांगलाच आहे, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. आवाज आला हे एका कानाला कळते. तो कुठून आला हे सांगण्यासाठी दुसरा कान लागतो.

आता थोडे अंकगणित. आपली सायकल ताशी 12 किलोमीटर आणि मागून येणारा ट्रक ताशी 60 किलोमीटर वेगाने चालला आहे असे समजू. त्यांच्या वेगातील फरक ताशी 48 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 13 मीटरहून थोडा अधिक. ट्रकचा आवाज 100 मीटरवरून ऐकू आला, तर कडेला होण्यास साडेसात सेकंद मिळतात. संगीतामुळे तोच आवाज 25 मीटरवर आल्यावर ऐकू आला, तर दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. 100 आणि 25 हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, परंतु हिशोबाचा रोख त्यामुळे बदलत नाही. गाण्याचे एक धृपद म्हणायला याहून जास्त वेळ लागतो.

आपल्या भागात ऊस गळिताच्या हंगामात हा प्रश्न आणखी बिकट होतो. दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्याने जातो आणि त्यावरही मोठ्या आवाजात गाणी लावलेली असतात. चालकाला आपली घंटी ऐकू येत नाही आणि आपल्या कानात इअरफोन असेल तर आपल्याला त्याचा भोंगा ऐकू येत नाही. पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणून आपण पुन्हा रस्त्यावर येतो आणि दुसरी अजून मागे असते. त्यातच विजेवर चालणाऱ्या दुचाक्या रस्त्यावर वाढत आहेत. त्यांचा आवाज मुळातच इतका कमी की मोकळ्या कानालाही लक्ष द्यावे लागते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. वेगवान लयीचे गाणे लागले की पाय नकळत त्याच्यामागे धावू लागतात. मग सायकलचा वेग रस्ता ठरवत नाही, गाणे ठरवते. खड्डा, वळण, शाळेतून सुटलेली पोरे यांना गाण्याची लय माहीत नसते.

कानाच्या आरोग्याचाही विचार केला पाहिजे. वाऱ्याच्या आणि वाहनांच्या आवाजावर मात करण्यासाठी आपण गाण्याचा आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. आवाज 90 डेसिबल झाला तर ही मर्यादा 4 तासांवर येते. माझे गाव येथून 9 किलोमीटर. येण्याजाण्याचा रोजचा दीड तास धरला तर सहा दिवसांचे 9 तास होतात. कुणी हा सारा वेळ मोठ्या आवाजात ऐकू लागला, तर पदवी मिळेपर्यंत त्याच्या श्रवणशक्तीचे काय होईल याचा अंदाज करता येतो.

मुलींचा प्रश्न

येथे एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. आमच्यापैकी पुष्कळ मुलींना पहिली सायकल मानव विकास कार्यक्रमातून शाळेत असताना मिळाली. त्या सायकलने आम्हाला शाळा दिली, हे जितके खरे, तितकेच तिने आम्हाला एकटेपणाचा पाऊण तास दिला हेही खरे. घरी दोन खोल्यांत सहा माणसे. गेल्यावर भाकरी, भांडी, धाकट्यांचा अभ्यास. स्वतःच्या आवडीचे गाणे शेवटपर्यंत ऐकायला मिळेल अशी जागा रस्त्याखेरीज दुसरी नाही. म्हणून ‘सायकलवर गाणी ऐकू नका’ हे वाक्य ज्याला स्वतःची खोली आहे त्याच्या तोंडी जितके सोपे आहे, तितके आमच्या कानाला सोपे नाही.

दुसरे असे की, काही मुली इअरफोन घालतात पण गाणे लावतच नाहीत. बसथांब्यावर, पानटपरीपाशी जे शेरे कानावर येतात ते ऐकू आले नाहीत असे दाखवण्याची ती एक सोय आहे. कान बंद दिसावे पण उघडे असावे, अशी ही युक्ती. कारण मागून कुणी येत आहे का, हे ऐकणे मुलीला ट्रकइतकेच महत्त्वाचे असते. या मुलींना बेपर्वा म्हणणाऱ्यांनी आधी त्या टपरीकडे पाहावे. कान बंद करून घेण्याची पाळी ज्यांच्यामुळे येते, तेही रस्त्यावरचा धोकाच आहेत.

मग करावे काय?

फ्रान्समध्ये 1 जुलै 2015 पासून वाहन चालवताना इअरफोन वापरण्यास बंदी आहे आणि ती सायकललाही लागू केली आहे. पोहणे, सायकल व धावणे यांच्या ट्रायथलॉन स्पर्धेतही नियमानुसार हेडफोनला मनाई असते. आपल्याकडे नुसत्या बंदीने फारसे साधेल असे मला वाटत नाही. त्यापेक्षा रस्त्याचे दोन भाग करावेत. माझ्या वाटेत पहिले चार किलोमीटर कालव्याच्या कडेचा रस्ता आहे. तेथे क्वचित एखादी मोटारसायकल भेटते. तेथे एका कानात, हळू आवाजात, मध्यम लयीचे गाणे ऐकण्यास माझी हरकत नाही. राज्यमार्ग लागला की इअरफोन दप्तरात जावा. गळिताच्या हंगामात, पावसात आणि अंधारात तो दप्तरातच असावा. कानाची पोकळी मोकळी ठेवून हाडांवाटे आवाज पोचवणारे हेडफोनही मिळतात. पण त्यांची किंमत आपल्यापैकी बहुतेकांना परवडणारी नाही, आणि मोठ्या आवाजातील संगीत मोकळ्या कानातही बाहेरचा बारीक आवाज झाकून टाकतेच.

राज्यमार्गावर गाण्याची सोबत सोडावी लागते असे मात्र नाही. तेथे आपण स्वतः गावे. यात मी गंमत करीत नाही. स्वतः गाणारा माणूस श्वास घ्यायला थांबतो आणि त्या थांबण्यात रस्ता ऐकतो. वळण आले की तो आपसूक गप्प होतो. फोनमधले गाणे तसे होत नाही. शिवाय व्यायामाचे जाणकार सांगतात की, श्रम करताना बोलता येत असेल तर श्रम बेताचे आहेत आणि गाताही येत असेल तर हलके आहेत. म्हणजे गाणे हे आपल्या वेगाचे फुकटचे मापही आहे. मुलींनी रस्त्यावर मोठ्याने गावे का, असे कुणी विचारील. ज्यांच्या आज्यांनी पहाटे सारी आळी ऐकेल अशा आवाजात ओव्या म्हटल्या, त्यांच्या नातींनी गुणगुणायला तरी संकोच का करावा?

शेवटी एक सूचना. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी या हंगामापूर्वी दोन कामे करावीत. स्टँडवरील प्रत्येक सायकलच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावावी आणि फाट्यापासून महाविद्यालयापर्यंतच्या रस्त्याची कडेची पट्टी सायकलला चालण्याजोगी करावी, यासाठी विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज बांधकाम खात्याकडे द्यावा. आज त्या कडेला खडी, काटेरी झुडपे आणि उसाची पडलेली मोळी असते. त्यामुळे मागचे वाहन वेळेवर ऐकू आले तरी उतरायला जागा नसते. कान उघडे ठेवण्याचे काम आपले. त्या कानांनी सावध झालेल्या सायकलला बाजूला व्हायला चार फूट जागा देण्याचे काम इतरांचे. अर्ज मी लिहून ठेवला आहे. सह्यांसाठी तो ग्रंथालयाच्या खिडकीपाशी ठेवण्याची परवानगी मागितली आहे.